दोन-तीन छत्र्यांच्या घरात डायसेक स्विच बदलायचा आहे? हे टप्पे याच क्रमाने करा

गच्चीवर फ्री डिशची छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे तोंड करून उभी असते. तिच्या शेजारी दुसऱ्या उपग्रहाची आणखी एक असते. हौशी घरात सी-बँडची, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची, सहा फुटी मोठी छत्रीही दिसते. खाली टीव्हीला मात्र बॉक्स एकच. या सगळ्या छत्र्यांच्या केबली एका केबलवर आणणारी जी हातात मावणारी पत्र्याची डबी असते, ती म्हणजे डायसेक स्विच.

पावसाळा सरता सरता ही डबी बदलण्याची घाई सुरू होते. लोक दुकानात जाऊन “चार भोकांचा द्या” म्हणतात, जे मिळेल ते आणतात, लावतात आणि चित्र येत नाही म्हणून दुसरा आणतात. आमच्या शेजारच्या काकूंनी एका मोसमात असे दोन स्विच आणले. दोन्ही चांगले होते. दोष डिशपाशी गंजलेल्या एका कनेक्टरचा होता आणि जुना स्विचसुद्धा शेवटी ठणठणीत निघाला. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी एकच सांगतो: आधी बिघाड ओळखा, मग घरची जोडणी कागदावर काढा, मगच दुकानात जा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळलात तर चुकीचा स्विच घरी येण्याची शक्यता फार.

## टप्पा १ : हाताशी काय हवं

गच्चीवर चढून मग पान्यासाठी खाली धावू नये, म्हणून सगळं आधीच एका पिशवीत भरा.

- ११ मिलिमीटरचा पाना, कारण एफ कनेक्टरची (केबलच्या टोकाच्या पेचाच्या जोडाची) चाकी याच मापाची असते
- साधा डिजिटल मल्टीमीटर
- दोन केबली थेट एकमेकींना जोडणारा छोटा जॉइंटर
- पाच-सहा नवे एफ कनेक्टर आणि केबल सोलायला धारदार पाती
- खात्रीने चांगली असलेली आठ-दहा मीटर आरजी-६ केबल
- कागदी चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन
- ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप

पाना फिरवण्याआधी स्विचचा फोटो काढा, दोन बाजूंनी. मग प्रत्येक केबलवर कागदी पट्टी चिकटवून “१”, “२”, “बॉक्सकडे” असं लिहा. सगळ्या केबली काळ्या असतात आणि सुटल्यावर ओळखू येत नाहीत.

खाली बॉक्ससमोर घरातलं कोणीतरी फोनवर असू द्या. मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. तुम्हाला क्वालिटीचा आकडा हवा आहे. प्रत्येक छत्रीवरची एकेक वाहिनी ठरवून तिचा आजचा आकडा लिहून ठेवा, शून्य असला तरी.

सावध : कनेक्टर सोडण्याआधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद केलेल्या बॉक्समधूनही केबलवर वीज चालू राहू शकते. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा वीजभाग जळण्याचा धोका असतो. पुढच्या चाचण्यांमध्ये प्रत्येक वेळी हाच क्रम पाळा: प्लग काढा, जोडणी बदला, प्लग लावा, आकडा विचारा. आणि आभाळ गडगडत असेल तर गच्चीवर जाऊच नका.

## टप्पा २ : बिघाड खरंच स्विचचा आहे का?

बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे वेळ काढा.

आधी लक्षणं बघा.

जोराचा पाऊस पडताना चित्र जातं आणि पाऊस थांबला की येतं, तर स्विचला दोष देऊ नका. केयू-बँडचा, म्हणजे फ्री डिशसारख्या छोट्या छत्र्यांचा, सिग्नल पावसात कमकुवत होतोच. छत्री नेमकी लावलेली असेल तर हा वेळ कमी होतो. पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास चित्र येत नसेल, तर मात्र कुठेतरी पाणी शिरलं आहे.

फेब्रुवारीअखेर ते मार्च, किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, या दिवसांत रोज ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप येतं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. आठवडाभर थांबा, काही विकत आणू नका.

फक्त सी-बँडची मोठी छत्री बिघडली असेल आणि परिसरात नवा ५जी टॉवर आला असेल, तर आधी टॉवरचा संशय घ्या. आपल्याकडे ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आहे आणि सी-बँडच्या वाहिन्या ३७०० च्या वर आहेत. जुना एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडून केबलवर उतरवणारा भाग) ३४०० पासूनचं सगळं आत घेतो आणि टॉवरच्या जोराने गुदमरतो. इथे ३७०० ते ४२०० पुरताच घेणारा एलएनबी किंवा तसा फिल्टर लागतो.

एकाच उपग्रहाच्या अर्ध्या वाहिन्या लागतात, अर्ध्या लागत नाहीत. प्रत्येक वाहिनीसमोर व्ही (उभी लहर) किंवा एच (आडवी लहर) लिहिलेलं असतं. कोणत्या जातात ते मेनूत पाहा. एच लिहिलेल्या जात असतील तर वीज कमी पोहोचते आहे. बॉक्स व्ही वाहिनीसाठी केबलवरून साधारण १३ व्होल्ट पाठवतो आणि एच वाहिनीसाठी १८. गंजलेल्या जोडातून जाताना १८ चे १४ झाले, तर एलएनबीला ते १३ सारखेच वाटतात आणि तो व्हीवरच राहतो. दोष स्विचमध्ये असू शकतो, तसाच केबलमध्येही.

बहुतेक बॉक्सवर आणखी एक खूण उपयोगी पडते. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, म्हणजे एलएनबीला वीज मिळते आहे, पण तो भलत्याच उपग्रहाकडे बघतो आहे किंवा बॉक्सला भलताच एलएनबी जोडला जातो आहे. स्ट्रेंग्थही तळाला गेली, तर तार तुटलेली आहे किंवा वीजच वर जात नाही.

आता प्रत्यक्ष चाचण्या.

चाचणी एक, स्विच वगळून : बॉक्सकडून येणारी केबल आणि बिघडलेल्या छत्रीची केबल स्विचमधून काढा आणि जॉइंटरने थेट जोडा. मेनूला हात लावू नका. साधा एलएनबी डायसेकच्या आज्ञा ऐकतच नाही, त्यामुळे सेटिंग आहे तेच चालतं. चित्र आलं तर स्विचवरचा संशय पक्का होत चालला. चित्र आलं नाही तर स्विच निर्दोष असण्याची शक्यता मोठी, दोष केबलीत किंवा एलएनबीत शोधा.

चाचणी दोन, भोक बदलून : ज्या छत्रीचं चित्र व्यवस्थित येतं तिची केबल संशयित भोकात लावा आणि मेनूत त्या उपग्रहासमोरचा डायसेकचा आकडा तेवढा बदला. चित्र आलं तर ते भोक चांगलं आहे.

चाचणी तीन, वीज मोजून : स्विचपाशी बॉक्सकडून आलेली केबल सोडा, बॉक्स चालू करा आणि मल्टीमीटर डीसीवर ठेवून मधली तार आणि बाहेरची चाकी यांच्यात मोजा. व्ही वाहिनीवर १३ च्या आसपास, एचवर १८ च्या आसपास दिसायला हवेत. मल्टीमीटरची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

इथे एक फसगत होते. सुट्या केबलवर १८ दिसले म्हणून केबल चांगली आहे असं ठरत नाही. मल्टीमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. एलएनबी शंभर-दोनशे मिलिअँपिअर ओढतो, आणि तो ओढायला लागला की गंजलेल्या जोडावर व्होल्ट गळतात. म्हणून आकडा बरोबर आला, पण थेट जोडूनही चित्र नाही, अशी स्थिती असेल तर सोबत आणलेली चांगली केबल तात्पुरती लावून बघा. काकूंच्या घरचा दोष असाच सापडला.

तपासा : थेट जोडल्यावर चित्र येतं, त्याच केबली स्विचमधून जोडल्यावर जातं, आणि कनेक्टर नवे लावूनही तेच होतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या तरच पुढे जा.

## टप्पा ३ : घरची जोडणी कागदावर काढा

एक पान घ्या. वर छत्र्या काढा, खाली बॉक्स काढा, मधे रेघा. मग या प्रश्नांची उत्तरं चित्रावरच लिहा.

छत्र्या किती, आणि प्रत्येकीवर एलएनबी किती? एका छत्रीवर शेजारशेजारी दोन एलएनबी असतील तर ते दोन मोजायचे.

प्रत्येक एलएनबीवर काय छापलं आहे? ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे असतील तर तो युनिव्हर्सल केयू एलएनबी. एकच आकडा असेल तर एका पट्ट्याचा. ५१५० असेल तर सी-बँडचा. हे आकडे पुढे मेनूतही लागणार आहेत, फोटो काढून ठेवा.

एलएनबीच्या बुडाला केबल लावायची तोंडं किती? एक, दोन की चार? चार असतील तर छापील अक्षरं वाचा. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात येईल.

खाली बॉक्स किती? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि लोक नेमका हाच विसरतात. एका खोलीत बॉक्स असेल आणि दिवाळीपर्यंत दुसऱ्या खोलीत टीव्ही येणार असेल, तर आजच दोन लिहा.

बॉक्स कसला? फ्री डिशच्या किंवा खुल्या वाहिन्या पकडणाऱ्या बॉक्सच्या मेनूत एलएनबी, २२ के, डायसेक अशा नोंदी सहसा उघड दिसतात. पैसे भरून घेतलेल्या डीटीएच कंपनीचा बॉक्स फक्त त्याच कंपनीच्या उपग्रहासाठी असतो. त्याला स्वतःची छत्री आणि स्वतःची केबल राहू द्या. तो या डायसेकच्या जाळ्यात ओढू नका.

## टप्पा ४ : कोणत्या जातीचा स्विच?

दुकानात सगळ्यांनाच स्विच म्हणतात. बाहेरून त्या डब्या सारख्याच दिसतात, आतलं काम वेगळं असतं.

### एक बॉक्स, दोन ते चार एलएनबी : डायसेक १.० किंवा २.०

बहुतेक घरांना हाच लागतो. बॉक्स केबलवर २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर तुकड्यातुकड्यांनी पाठवतो आणि त्यातून “तीन नंबर जोड” अशी आज्ञा देतो. स्विच ती ऐकून तेवढाच एलएनबी जोडतो. १.० प्रकारात जास्तीत जास्त चार एलएनबी बसतात. २.० लिहिलेला स्विच १.० च्या बॉक्सवरही चालतो, त्यामुळे जो चांगल्या बांधणीचा मिळेल तो घ्या. २.० आहे म्हणून चित्र जास्त स्वच्छ येत नाही.

दोनच एलएनबी असले तरी मी चार तोंडांचाच सुचवतो. एखादं तोंड पुढे गंजलं तर दुसऱ्यावर सरकता येतं, शिडी लावून उतरायच्या आत काम होतं.

### दोन एलएनबी आणि मेनूत नुसतं २२ के : २२ किलोहर्ट्झचा स्विच

हा सूर बंद असताना एक एलएनबी जोडतो, चालू असताना दुसरा. त्याला आज्ञा कळत नाही, फक्त सूर आहे की नाही एवढंच कळतं.

सावध : युनिव्हर्सल एलएनबीबरोबर हा वापरू नका. तोच २२ किलोहर्ट्झचा सूर युनिव्हर्सल एलएनबीला “वरच्या पट्ट्यावर जा” असं सांगण्यासाठी लागतो. एकाच सुराचे दोन अर्थ झाले की निम्म्या वाहिन्या गायब होतात. एक सी-बँडचा एलएनबी आणि एक एकाच आकड्याचा केयू, अशा जोडीला हा स्विच व्यवस्थित चालतो.

याचंच आणखी एक भावंड टोनबर्स्ट नावाने मिळतं, तेही दोनच एलएनबींपुरतं. जुना स्विच त्या जातीचा असेल आणि बॉक्स डायसेक जाणत असेल, तर सरळ डायसेकवर या.

### चारपेक्षा जास्त एलएनबी : डायसेक १.१

बॉक्सच्या मेनूत १.१ ची वेगळी नोंद असेल तरच याच्या वाटेला जा. जोडणी करताना बॉक्सकडून आधी १.१ चा स्विच येतो आणि त्याच्या पुढे, छत्र्यांच्या बाजूला, १.० चे. एकाच जातीचे दोन १.० एकामागे एक लावून आठ एलएनबी करता येत नाहीत, कारण “दोन नंबर” ही आज्ञा दोघेही ऐकतात.

### दोन किंवा जास्त बॉक्स : इथे डायसेक पुरत नाही

डायसेक स्विचला बॉक्सकडचं तोंड एकच असतं. लोक त्या पुढे दोन वाटांचा स्प्लिटर लावतात आणि दोन खोल्यांत बॉक्स बसवतात. एका खोलीत व्ही वाहिनी लागली आणि दुसऱ्या खोलीत कोणी एच लावली, की एकच एलएनबी दोन्हीकडून ओढला जातो आणि एकीकडचं चित्र जातं. “आमच्याकडे चालतंय की” असं म्हणणाऱ्या घरी दोन्ही बॉक्सवर तूर्तास एकाच बाजूच्या वाहिन्या बघतात, एवढाच त्याचा अर्थ.

दोन बॉक्ससाठी सोपा उपाय असा: प्रत्येक छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी लावायचा आणि प्रत्येक बॉक्सला त्याचा स्वतंत्र डायसेक स्विच द्यायचा. दोन केबली खाली येतात, दोन्ही खोल्या एकमेकींपासून मोकळ्या.

चार, सहा, आठ बॉक्स असतील, वाडा किंवा छोटी सोसायटी असेल, तर मल्टीस्विच घ्या. तो विजेवर चालतो, म्हणून त्याची जागा छपराखाली. पाच तोंडं आत आणि आठ बाहेर अशा मापात एका उपग्रहाच्या चार तारा आणि साध्या अँटेनाची एक अशा येतात. दोन उपग्रहांसाठी नऊ तोंडांचा लागतो.

सावध : मल्टीस्विचसाठी क्वाट्रो एलएनबी लागतो, क्वाड नव्हे. दोघांनाही चार तोंडं असतात आणि नावंही सारखी वाटतात. क्वाडचं प्रत्येक तोंड एकेका बॉक्ससाठी पूर्ण आणि स्वतंत्र असतं. क्वाट्रोची चार तोंडं चार ठरावीक भाग देतात: व्ही खालचा, एच खालचा, व्ही वरचा, एच वरचा, आणि तसं तोंडापाशी छापलेलंही असतं. क्वाडही चालेल असं मल्टीस्विचवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच क्वाड लावा. क्वाट्रोच्या तोंडाला बॉक्स थेट जोडला तर पाव वाहिन्याच दिसतात.

### एक आडवी येणारी गोष्ट

सी आणि केयू दोन्ही एकत्र असलेल्या काही एलएनबींच्या पोटातच छोटा स्विच असतो, काहींत २२ किलोहर्ट्झचा, काहींत डायसेकचा. तसा एलएनबी तुमच्याकडे असेल आणि बाहेर आणखी डायसेक लावला, तर दोघांच्या आज्ञा एकमेकांत अडकू शकतात. एलएनबीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय याबाबत काही ठरवू नका.

## टप्पा ५ : दुकानात डबीवरचं काय वाचायचं

जुना स्विच सोबत न्या, पण “असाच द्या” एवढंच म्हणू नका. जुनाही कोणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो.

पट्टा. ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ पूर्ण हवा. ही केबलवरून उतरणारी फ्रिक्वेन्सी आहे, आकाशातली नाही. समजा वाहिनी ११०९० वर आहे आणि एलएनबीचा आकडा ९७५०, तर वजाबाकी होऊन केबलवर १३४० उतरतात. ५ ते १००० असं लिहिलेली डबी केबल टीव्हीची आहे. ती दिसायला तशीच असते, पण आपल्या कामाची नाही.

घट. स्विचमधून जाताना सिग्नल थोडा कमी होतोच, साधारण २ ते ५ डेसिबल. आकडा जितका लहान तितका चांगला. आरजी-६ ची तीस मीटर केबल वरच्या टोकाला नऊ-दहा डेसिबल आधीच खाते, त्यामुळे लांब केबलच्या घरात हे एक-दोन डेसिबल मोलाचे ठरतात.

विलगता. याकडे कोणीच बघत नाही, आणि दोन जवळजवळच्या उपग्रहांच्या घरात सगळा त्रास इथूनच येतो. एक नंबर चालू असताना दोन नंबरचा सिग्नल आतून किती गळतो, त्याचं हे माप. आकडा जितका मोठा तितका चांगला, वीसच्या खाली असेल तर मी घेत नाही. दोन्ही उपग्रहांवर जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीला वाहिन्या असतील आणि एकाचा सिग्नल फार जोरकस असेल, तर गळका स्विच दुसऱ्याचं चित्र चौकोनी तुकड्यांत फोडतो. छत्री कितीही हलवली तरी ते सुधारत नाही.

प्रवाह. कमाल प्रवाहाचा आकडा मिलिअँपिअरमध्ये असतो. साध्या एलएनबीला चारशे-पाचशेचा स्विच पुरतो. छत्री फिरवणारी मोटर याच केबलवर असेल तर ती फिरताना बरंच जास्त ओढते. त्या घरात कमी क्षमतेचा स्विच आतून भाजतो.

बांधणी. हातात घेऊन बघा. तोंडांची पेचं पितळी आणि घट्ट हवीत, हलवून डगमगली तर परत ठेवा. डबीचा सांधा सगळीकडून बंद हवा. बाहेर लावायचा असेल तर प्लास्टिकचं सरकतं आवरण असलेलाच घ्या. कोकण किनाऱ्यावर खारी हवा पातळ पत्रा दोन पावसांत खाते, तिथे आवरणाशिवाय घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासा : टप्पा ३ चं चित्र दुकानात उघडा. स्विचवर एलएनबीची तोंडं किती, बॉक्सकडचं तोंड किती, पट्टा पूर्ण आहे का, हे चित्राशी ताडून मगच पैसे द्या. बदलून मिळेल का, तेही विचारा.

## टप्पा ६ : बसवणं

जागा आधी ठरवा. लोक स्विच छत्रीच्या दांड्याला बांधतात आणि पाऊस थेट त्यावर पडतो. छत्र्यांपासून चार-पाच मीटरवर जिन्याचं छप्पर किंवा पागोळीच्या आत भिंत असेल तर तिथे लावा. छत्र्यांपासून तिथपर्यंत लहान केबली आणि तिथून खाली एकच.

१. बॉक्सचा प्लग काढा. खाली असलेल्या माणसाकडून तसं ऐकून घ्या.

२. जुने कनेक्टर परत वापरू नका. केबलचं टोक चार-पाच सेंटिमीटर कापून टाका आणि मधली तार बघा. ती काळपट किंवा हिरवट दिसली तर स्वच्छ तांबूस तार येईपर्यंत कापत जा.

३. नवा एफ कनेक्टर लावा. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. आखूड राहिली तर स्विचच्या आत टेकत नाही, लांब राहिली तर आतली पकड वाकवते. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. हे डोळ्यांजवळ धरून बघा.

४. स्विच तोंडं खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत न जाता निथळेल.

५. आधी फक्त एक नंबरची केबल आणि बॉक्सकडची केबल लावा. हाताने घट्ट करून पान्याने किंचित आवळा. जास्त आवळलं तर पेच डबीपासून सुटतो.

६. प्लग लावा, क्वालिटीचा आकडा विचारा, तो स्विचशिवायच्या आकड्याशी ताडा. थोडा उतरलेला चालेल. प्रत्येक बॉक्सचं माप वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका.

७. मग दोन नंबर, मग तीन. प्रत्येक वेळी प्लग काढून.

तपासा : सगळं लागल्यावर एक नंबरच्या कमकुवत वाहिनीवर या आणि दोन नंबरची केबल सोडून बघा, अर्थात प्लग काढूनच. दोन नंबर सुटल्यावर एक नंबरची क्वालिटी वाढली, तर स्विच आतून गळतो आहे. तो आजच परत करा, पावसाळ्यात कळलं तर उशीर झालेला असतो.

## टप्पा ७ : मेनूतली जुळणी

स्विच बरोबर, केबली बरोबर आणि तरी चित्र नाही, असं झालं की कारण बहुतेक इथेच सापडतं.

प्रत्येक उपग्रहासमोर दोन गोष्टी जुळायला हव्यात: एलएनबीचा आकडा आणि डायसेकचं तोंड. एलएनबीवर ९७५० व १०६०० असताना मेनूत ५१५० राहिलं, तर कितीही शोधा, काही सापडणार नाही.

तोंडांची नावं प्रत्येक बॉक्स वेगळी लिहितो. कुठे १, २, ३, ४. कुठे ए, बी, सी, डी. कुठे एए, बीए, एबी, बीबी. शेवटच्या प्रकारात पहिलं आणि चौथं ठरलेलं असतं, पण मधली दोन कोणत्या क्रमाने धरली आहेत ते बॉक्सवर अवलंबून. म्हणून अंदाज करत बसू नका. एकच केबल दोन नंबरच्या तोंडात ठेवा, मेनूत मधली दोन्ही नावं लावून बघा, जिथे क्वालिटी येते ते लिहून घ्या.

डायसेक वापरताना मेनूतलं २२ के “ऑटो” वर असू द्या. ते हाताने चालू किंवा बंद केलं तर युनिव्हर्सल एलएनबी एकाच पट्ट्यात अडकतो.

सावध : जुळणी होण्याआधी “सर्व वाहिन्या पुसा” दाबू नका आणि बॉक्स मूळ स्थितीलाही नेऊ नका. पुसल्यावर चूक जुळणीत होती की शोधात, हे कळायला जागाच राहत नाही. आधी जुन्या यादीतली एक वाहिनी लागू द्या, मग नव्याने शोधा.

## टप्पा ८ : पाणी बंद करा

चित्र आलं की लोक खाली उतरतात आणि हा टप्पा दुसऱ्या दिवसावर जातो. तो दुसरा दिवस येत नाही.

प्रत्येक केबलला स्विचच्या जरा खाली एक झोळ द्या, मग ती वर तोंडापर्यंत न्या. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं. झोळ नसेल तर तेच पाणी सरळ कनेक्टरमध्ये उतरतं.

कनेक्टरवर रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर येतो. टेप ताणतच गुंडाळायची, सैल गुंडाळलेली चिकटत नाही. विजेची साधी काळी टेप उन्हात सुटते, ती फार तर वरून दुसरा थर म्हणून.

सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं वापरू नका. वाळताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला गंज आणतं. वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं मिळतं ते घ्या.

रिकाम्या तोंडांवर रबरी टोपण चढवा. चार तोंडांच्या स्विचमध्ये दोनच केबली असतील तर उरलेल्या दोन तोंडांतून दमट हवा आत जाते आणि चांगली तोंडंही गंजवते.

शेवटी आवरणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा: कोणत्या तोंडाला कोणता उपग्रह, मेनूत त्याचं नाव काय, आणि आज प्रत्येकाची क्वालिटी किती. पहिल्या मोठ्या पावसानंतर, सगळं कोरडं झाल्यावर, बॉक्सवर तेच आकडे परत पाहा. एखादाच उतरला असेल तर त्या तोंडाची टेप सोडून कनेक्टर बघा. सगळे सारखेच उतरले असतील तर स्विच सोडून बॉक्सकडे जाणाऱ्या केबलीचा जोड आधी तपासा.